लीळा, लाकूड आणि किल्ली

जुन्या वस्तूचे भाग एकेक करून बदलत गेले तर शेवटी उरते ती तीच वस्तू की दुसरीच, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनात रथाच्या, वस्त्राच्या आणि दिव्याच्या ज्योतीच्या निमित्ताने फार पूर्वी विचारला गेला आहे. आज तो एका वेगळ्याच वस्तूच्या निमित्ताने पुन्हा विचारता येतो. ही वस्तू म्हणजे नाणे किंवा टोकन टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचा माणसाच्या उंचीचा उभा पेटारा, ज्याला आर्केड कॅबिनेट असे नाव आहे आणि साध्या बोलण्यात ज्याला नुसता ‘गेमचा डबा’ म्हटले जाते. अटारीचा ‘पाँग’ १९७२ मध्ये, टाइटोचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ मध्ये आणि नाम्कोचा ‘पॅक-मॅन’ १९८० मध्ये आला. पुढे हे खेळ भारतातल्या लहानमोठ्या शहरांतील पार्लरांपर्यंत पोहोचले, आणि घरात संगणक व हातात मोबाइल आल्यावर पार्लरे बंद पडून पेटारे भंगारात किंवा गोदामांत गेले. तेथून ते उचलून आणून पुन्हा चालते करणे आणि प्रसंगी त्यांत बदल करणे ही आता जगभरची एक हौस झाली आहे.

या कामाचे स्वरूप जवळून पाहिल्याखेरीज त्यातला प्रश्न नीट कळत नाही. पेटाऱ्याची मागची फळी काढली की आत जाड काचेची पिक्चर ट्यूब, वीज पुरवणारा संच, खेळाचा बोर्ड आणि या सर्वांना जोडणारा तारांचा जुडगा दिसतो. बोर्डावरील काही चिपांमध्ये खेळाची आज्ञावली, म्हणजे खेळ कसा चालावा याच्या सूचनांची मालिका, साठवलेली असते, आणि अशा चिपेच्या काचेच्या खिडकीवर कागदाची पट्टी चिकटवलेली असते, कारण अतिनील किरण तेथून आत शिरले तर ती सारी मालिका पुसली जाते. फुगलेले कपॅसिटर बदलावे लागतात, मळलेले संपर्क घासून घ्यावे लागतात, आणि बटणांखालचे छोटे खटके, जे दाबताना ‘टक’ असा आवाज करतात, ते बहुधा सगळेच नवे बसवावे लागतात. पिक्चर ट्यूब मात्र नवी मिळेनाशी झाली आहे, म्हणून तिच्या जागी सपाट पडदा बसवावा की जुन्या दूरचित्रवाणी संचातील ट्यूब शोधून आणावी, येथे या हौशी मंडळींत दोन पक्ष पडतात. वर्षानुवर्षे एकच खेळ चाललेल्या ट्यूबच्या काचेवर त्या खेळाची आकृती कायमची भाजून उमटते; पॅक-मॅनचा चक्रव्यूह वीज बंद असतानाही फिक्या रेषांत दिसत राहतो. ही खूण दोष मानायची की त्या वस्तूचे चरित्र, हा निर्णय स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्याआधीच करावा लागतो.

न्याय-वैशेषिक दर्शनाने या प्रश्नाला दिलेले उत्तर कठोर आहे. या मतानुसार अवयवी, म्हणजे भागांपासून बनलेली पण भागांहून निराळी अशी पूर्ण वस्तू, खरोखर अस्तित्वात असते. मात्र वस्त्रातून एक धागा निघाला की पूर्वीचे वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांपासून ‘खंडपट’ नावाचे नवे वस्त्र उत्पन्न होते. ‘हे तेच आहे’ अशी जी ओळख पटते, ती ज्योतीच्या बाबतीत पटते तशी केवळ सारखेपणावरून पटलेली असते. हा न्याय लावला तर पहिला कपॅसिटर काढला त्या क्षणीच जुना पेटारा संपला. बौद्धांनी याच्या उलट वाट धरली. पाली ‘मिलिंदप्रश्ना’त भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला दाखवून देतो की आस, चाके, दांडी यांपैकी काहीच रथ नव्हे आणि त्यांच्यावेगळाही रथ नाही, ‘रथ’ हे भागांच्या जुळणीवर आधारलेले व्यवहाराचे नाव आहे. येथे नष्ट होण्यासारखा अवयवीच नसल्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याचा अपराधभाव गळून पडतो, पण त्याबरोबर जुनी वस्तू जपण्याचे कारणही हातचे निसटते.

वऱ्हाडातील लोकव्यवहार या बौद्ध पक्षाच्या जवळचा वाटतो. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरपासून अमरावती जिल्ह्यातील अचलपूरपर्यंत पूर्वी धावणाऱ्या अरुंद रुळांच्या ‘शकुंतला’ गाडीचे १९२१ मध्ये मँचेस्टर येथे घडलेले वाफेचे इंजिन सत्तर वर्षे राबून १९९४ मध्ये उतरवले गेले आणि त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले, पण गाडी शकुंतलाच राहिली. लोकांनी इंजिनाला नाव दिलेच नव्हते. त्यांनी वाटेला, वेळेला आणि आपल्या येण्याजाण्याला नाव दिले होते.

हे नाव नेमके कशाला चिकटलेले असते याचा सर्वांत खोल विचार याच प्रदेशात, मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे रुजलेल्या महानुभाव परंपरेत सापडतो. रिद्धपूर हे पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ, यांचे गाव, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले तेही येथील वाजेश्वरीच्या परिसरात, असे परंपरा सांगते. महानुभाव पंथ देवतांच्या मूर्तींची पूजा करीत नाही. पण अवतारांनी जेथे वास केला, जेथे ते बसले, जेवले, निजले, ती ‘स्थाने’ आणि त्यांचा स्पर्श झालेल्या ‘प्रसाद’ वस्तू यांना तो वंदन करतो. वरवर पाहता यात विसंगती दिसते, परंतु पंथाची भूमिका नीट पाहिली तर ती विरते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ तो परस्परांहून भिन्न मानतो. दगड आणि माती ही प्रपंचातली, म्हणजे नाशिवंत सृष्टीतली, आणि ती वंदनीय होतात ती स्वतःच्या द्रव्यामुळे नव्हे, तर परमेश्वराशी घडलेल्या ‘संबंधा’मुळे, असा या भूमिकेचा अर्थ लावता येतो. म्हणूनच स्थानावरचा ओटा पुन्हा बांधला, त्याला नवा चुना दिला, वरचे छप्पर बदलले, तरी वंदनात खंड पडत नाही. मात्र जागा चुकता कामा नये; यासाठी ‘स्थानपोथी’ नावाच्या ग्रंथात कोणते स्थान कोणत्या देवळाच्या कोणत्या दिशेला आहे याची बारकाईने नोंद केलेली आहे. वस्तू बदलू द्यायची आणि नोंद अचूक ठेवायची, ही शिस्त आधुनिक वस्तुसंग्रहालयांच्या कितीतरी आधीची आहे.

येथे ‘लीळा’ हा शब्दही सहज घेऊन चालणार नाही. लीला म्हणजे खेळ, आणि गोविंदप्रभूंच्या चरित्रात तर ईश्वराचे वर्तन मुलांबरोबर रमणाऱ्या, वस्तू हाताळणाऱ्या, लोकांच्या घरांत आणि देवळांत मन मानेल तसे वावरणाऱ्या अवलियाच्या खेळाच्या रूपानेच दिसते. ईश्वराची लीला आणि पार्लरमधला पोरखेळ यांना एका पातळीवर बसवण्याचा येथे हेतू नाही. तथापि खेळ घडून गेल्यावर त्याचे काय उरते आणि ते कसे जपावे, या प्रश्नाचा विचार महानुभावांनी जितक्या कसोशीने केला तितका फार थोड्यांनी केला असेल, आणि म्हणूनच तो येथे उपयोगी पडतो.

संबंधाचा हा विचार पेटाऱ्याला लावला की ‘मूळ वस्तू’ या कल्पनेची उलटापालट होते. जपानच्या निन्टेंडो कंपनीचा ‘रडार स्कोप’ हा खेळ अमेरिकेत खपला नाही, तेव्हा पडून राहिलेल्या सुमारे दोन हजार पेटाऱ्यांत १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’ हा नवा खेळ बसवण्यात आला आणि तो अफाट गाजला. अशा पेटाऱ्याचा जीर्णोद्धार करणाऱ्याने तो कोणत्या मूळ रूपात न्यावा? द्रव्याचा इतिहास त्याला रडार स्कोपकडे नेतो. पण ज्या हातांनी त्या पेटाऱ्यांना अर्थ दिला ते हात डाँकी काँग खेळणारे होते. वऱ्हाडाच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच धारदार होतो. कॅपकॉम कंपनीचा १९९३ मधला ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ भारतभर त्यातील एका नायकाच्या नावावरून ‘मुस्तफा’ म्हणून ओळखला गेला, आणि येथे तो बहुधा नकली बोर्डावर, स्थानिक सुताराने प्लायवूडला सनमायका चिकटवून केलेल्या पेटाऱ्यात, दूरचित्रवाणीच्या ट्यूबवर चालला. अशा पेटाऱ्याच्या पुढच्या कडेला, जेथे डाव्या हाताचे मनगट टेकत असे, सनमायकाचा रंग घासून जाऊन खालचा तपकिरी कागद उघडा पडलेला असतो. संग्राहकाच्या बाजारात याची किंमत शून्य आहे, आणि परदेशातून अस्सल पेटारा मागवून हा फेकून देणे त्या दृष्टीने शहाणपणाचे ठरेल. पण ज्या संबंधासाठी जपायचे तोच संबंध त्यात फेकला जाईल. अकोल्यात वाढलेल्या माणसाच्या दृष्टीने अस्सल आहे तो हा नकली पेटारा. म्हणून खटके, कपॅसिटर, तारा खुशाल बदलाव्यात, परंतु ती घासलेली कड पॉलिश मारून नवी करू नये, हा निर्णय हळवेपणाचा नसून विचाराचा आहे.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. आज्ञावली हाच खेळाचा आत्मा असेल, तर लाकडाची एवढी काळजी हा निव्वळ देहमोह ठरत नाही काय? १९९७ पासून ‘मेम’ या संगणकप्रणालीने हजारो जुन्या खेळांच्या आज्ञावल्या साध्या संगणकावर चालत्या केल्या आहेत, आणि पुष्कळ हौशी मंडळी रिकाम्या पेटाऱ्यात एक छोटा संगणक बसवून ते सगळे खेळ एकाच डब्यात आणतात. पुरीला जगन्नाथाच्या नवकलेवरात, जो याआधी २०१५ मध्ये झाला, जुन्या दारुमूर्तीतील ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवला जातो आणि जुन्या मूर्तीला समाधी दिली जाते. त्याच न्यायाने आज्ञावली नव्या देहात गेली की जुना देह सोडून द्यावा, असे म्हणता येईल. आगमशास्त्रातील जीर्णोद्धाराचा विधीही जीर्ण मूर्तीतील दैवी तेज कुंभातील जलात उतरवून घेऊन मगच दुरुस्तीला हात घालतो. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो अर्ध्यावर थांबतो. नवकलेवरात ब्रह्मपदार्थ एकाच स्थानी, त्याच सेवकांच्या हातांनी, त्याच पूजाक्रमात पुढे जातो. देह बदलतो तो संबंध अखंड राहावा म्हणूनच. हजार खेळांच्या डब्यात मात्र आज्ञावल्या सुरक्षित असूनही कोणताच खेळ कोणाचा राहत नाही, कारण खिशातल्या शेवटच्या नाण्यावर एकच डाव मिळणार आहे हे भान, जे त्या खेळाचे अर्धे अंग होते, तेथे उरलेले नसते. बदल त्याज्य नाही; ‘मिझ पॅक-मॅन’ हा १९८२ चा नामवंत खेळ मूळ पॅक-मॅनला जोडायच्या बदल-संचातूनच जन्मला. प्रश्न एवढाच विचारायचा की बदलानंतर पेटाऱ्यापुढे कोणी उभे राहते का.

आज्ञावलीच अमर आहे हा समजही तपासून पाहिला पाहिजे. कॅपकॉमने १९९३ पासून वापरलेल्या ‘सीपीएस-टू’ या बोर्डांत आज्ञावली कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, केलेली होती आणि ती किल्ली ३.६ व्होल्टच्या बॅटरीवर टिकणाऱ्या स्मृतीत ठेवलेली होती. उद्देश नकला रोखण्याचा होता; परिणाम असा की बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि धडधाकट बोर्ड स्वतःचीच आज्ञावली वाचू शकत नाही. महानुभावांनीही आपले ग्रंथ ‘सकळ’ नावाच्या सांकेतिक लिपीत, म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह योजून, लिहून ठेवले होते, आणि मठाबाहेरच्या जगाला ते शतकानुशतके वाचता आले नाहीत. पण त्यांची किल्ली बॅटरीत नव्हती, माणसांत होती. ती गुरूकडून शिष्याकडे जात राहिली, म्हणूनच विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांना या लिपीचा उलगडा होऊ शकला आणि यवतमाळचे य. खु. देशपांडे, डॉ. वि. भि. कोलते यांसारख्या वऱ्हाडातल्या अभ्यासकांनी त्या वाङ्मयाचे दालन मराठी वाचकांपुढे उघडले. त्याही आधी, खलजी आक्रमणाच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा हिराइसा आणि इतरांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली; तिचे निरनिराळे पाठ झाले, आणि परंपरेने ते पाठ एकमेकांत विरघळवून टाकले नाहीत, ज्याचा पाठ त्याच्या नावाने ओळखला गेला. जीर्णोद्धार करणाऱ्याने पेटाऱ्याच्या आतल्या फळीवर कोणता भाग कधी आणि कशासाठी बदलला हे लिहून ठेवावे, ही अपेक्षा याच जातीची आहे.

कॅपकॉमच्या बोर्डांना असे कोणी गुरू-शिष्य नेमून दिलेले नव्हते. ते हौशी मंडळींना स्वतःहून व्हावे लागले. त्यांनी २००७ च्या सुमारास त्या कुलपाची रीत उलगडली आणि २०१६ मध्ये मेलेल्या बोर्डात त्याची मूळ किल्ली पुन्हा लिहिण्याची पद्धत सर्वांसाठी खुली केली. ज्यांची बॅटरी अजून जिवंत आहे अशा बोर्डांवर मात्र जुनीच काळजी घेतली जाते. जुनी बॅटरी डाग काढून सोडवण्याआधी तिच्याच टोकांना समांतर दुसरी बॅटरी जोडली जाते, काही क्षण दोन्ही मिळून ती किल्ली धरून ठेवतात, मग जुनी अलगद काढून नवी तिच्या जागी बसवली जाते, तात्पुरता आधार सोडवला जातो, आणि नव्या बॅटरीच्या पाठीवर बारीक अक्षरांत त्या दिवसाची तारीख लिहिली जाते.