बंदीचा पट्टा कुठे संपतो?

येवला बाजार समितीतल्या कांदाभावाचा २०२३-२४चा आलेख काढायचा, तर रेघेमागे एक करडा पट्टा ओघानेच येतो : ८ डिसेंबर २०२३ ते ३ मे २०२४, निर्यातबंदी. पायथनमधल्या मॅटप्लॉटलिबला त्यासाठी एक ओळ पुरते. दोन तारखा आणि एक रंग दिला की झालं. इतक्या स्वस्तात मिळतो म्हणून हा पट्टा सजावटीत जमा होतो. खरं तर तो विधान करतो. भाव किती होता एवढंच रेघ सांगते. तो कशाने पडला, हे पट्टा सुचवून जातो. विल्यम प्लेफेअरने १८२१ साली गव्हाच्या भावाच्या आलेखावर इंग्लंडच्या राजेराण्यांच्या कारकिर्दी मांडल्या, तेव्हाही भावाशेजारी सिंहासन बसवणं अगदीच निरागस नव्हतं.

आता तारखांचंच पाहा. बंदी घातली तेव्हा तिची मुदत ३१ मार्चपर्यंत होती. मार्चमध्ये ती पुढील आदेशापर्यंत लांबली आणि ४ मेला उठली, तीही टनामागे ५५० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. उन्हाळ कांदा चाळीत भरायचा की लिलावात न्यायचा, हे मार्चच्या सुरुवातीला ठरवणाऱ्या शेतकऱ्यासमोर ३१ मार्च ही तारीख होती. आपण मागाहून पट्टा ३ मेपर्यंत ओढतो, तेव्हा त्याला ठाऊक नसलेली गोष्ट त्याच्या निर्णयामागे रंगवतो. शिवाय डिसेंबरात लाल कांद्याची आवक वाढली, की बंदी नसलेल्या वर्षीही भावावर दाब येतो. हंगाम न दाखवता नुसती बंदी रंगवली, तर सगळी घसरण तिच्या खाती पडते. बंदी निर्दोष होती, असा याचा अर्थ नाही; तिचा वाटा किती, हे त्या आलेखातून कळत नाही, एवढंच.

सगळंच रंगवलं तर आलेखाची गोधडी होईल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून हंगाम तळाशी अरुंद पट्टीत ठेवावा. संगणक तर सांगितलं तेवढंच रंगवतो, त्यात मत कुठलं, हा दुसरा आक्षेप मात्र टिकत नाही. ‘आर’मधल्या जीजीप्लॉटला आयत काढताना भावांची अख्खी सारणी दिली, तर तो नोंदीगणिक एक आयत एकावर एक चढवतो. २० टक्के गडद रंग दहा थरांतच सुमारे ८९ टक्के गडद होतो. पाहणाऱ्याला वाटतं, बंदी कडक होती. प्रत्यक्षात फक्त नोंदी जास्त होत्या. तरी कोडचा एक गुण मान्य करायला हवा : त्यात तारखा उघड लिहिलेल्या असतात, आणि त्या दुसऱ्या कुणाला बदलून पाहता येतात. पट्टा १९ ऑगस्ट २०२३ला, ४० टक्के शुल्क लागलं तिथून सुरू करावा आणि १ एप्रिल २०२५ला शुल्क हटलं तिथे थांबवावा. मग बंदीआधीच्या आठवड्यांमागे कोरा कागद उरतच नाही, आणि ‘बंदीआधीचा भाव’ म्हणून जो दाखवत होतो, तोही पट्ट्यात सापडतो.