ऋण कोणाचे?

दत्तक हा शब्द आपणांस नवा नाही. सातारचे राज्य १८४८ साली आणि झाशीचे १८५४ साली केवळ दत्तक नामंजूर झाल्यामुळे खालसा होताना ज्या समाजाने पाहिले, त्याला या शब्दाचे वजन निराळे सांगावयास नको. परंतु त्या जुन्या दत्तकविधीच्या मुळाशी प्रश्न एकच होता : घराला मूल हवे आहे काय? वंश खुंटू नये, पिंडाला अंतर पडू नये, वतनाला वारस असावा, पितृऋण फिटावे, या साऱ्या गरजा मोठ्या माणसांच्या होत्या. मुलाला घर हवे आहे काय, हे विचारण्याचे कारणच पडत नसे. कारण दत्तक जाणारा मुलगा बहुधा भाऊबंदांपैकीच कोणाचा तरी असे, आणि त्याला स्वतःचे घर असेच.

आज हा प्रश्न उलट बाजूने विचारावा लागतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलीलाही दत्तक घेता येऊ लागले. २००० च्या बाल न्याय कायद्याने निराधार मुलाच्या पुनर्वसनाचा मार्ग म्हणून दत्तकाकडे पाहिले, आणि तो मार्ग कोणत्याही धर्माच्या माणसाला खुला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले. २०१५ च्या कायद्यात, इंग्रजीत ज्याला फॉस्टर केअर म्हणतात, त्या प्रतिपालनाचीही तरतूद झाली. ज्याचे आईबाप त्याला सांभाळू शकत नाहीत, किंवा वर्षानुवर्षे भेटीलाही येत नाहीत, असे संस्थेत वाढणारे सहा वर्षांवरील मूल बाल कल्याण समिती एखाद्या कुटुंबाच्या हाती सोपविते. ते कुटुंब त्याचे पालन करते. नाते मात्र कायद्याने जुळत नाही. मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळे झालेले असेल, तर २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पाच वर्षांनंतर त्याच कुटुंबाला ते दत्तक घेता येई. २०२४ साली ही मुदत दोन वर्षांवर आली आणि एकट्या स्त्री-पुरुषांनाही प्रतिपालक होण्याची मुभा मिळाली.

येथे एक नैतिक शंका प्रथमच निस्तरली पाहिजे. एकाच्या दारिद्र्यातून दुसऱ्याची ओटी भरावयाची, असा तर हा व्यवहार नव्हे? तसा तो होता कामा नये. दारिद्र्य हा आईबापांचा अपराध नव्हे. मूल आपल्याच घरी राहावे म्हणून अडचणीत सापडलेल्या कुटुंबाला साहाय्य देणे हे पहिले कर्तव्य. मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा मुलामागे दरमहा ४,००० रुपयांची तरतूद झाली, ती याच विचाराने. ते घर उभे राहतच नाही असे ठरल्यावर मगच दुसरे घर. हा क्रम सोडला तर दत्तकाचे पुण्य उरत नाही.

दुसरी शंका अधिक प्रचलित आहे. ‘तान्हे मूल आपले होते, मोठे मूल रुळत नाही,’ असे आपल्यातले सुशिक्षितही म्हणतात. त्यांना बडोद्याचे स्मरण द्यावेसे वाटते. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा जो मुलगा दत्तक घेतला, तो बारा वर्षांचा होता. त्याला अक्षरओळख नव्हती. आपले आईबाप, आपले शिवार, आपली गुरे त्याला पुरती ठाऊक होती. तोच पुढे सयाजीराव महाराज झाला, आणि आपल्या राज्यात त्याने १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. बारा वर्षांचे मूल आपले होऊ शकते, हे राजगादीला पटले होते. आपल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरला ते पटत नाही.

परंतु त्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. त्या मुलासाठी एलियटसाहेबांसारखा स्वतंत्र शिक्षक नेमला गेला, त्याचे सख्खे भाऊही बडोद्यास राहिले, आणि राज्यकारभाराची सूत्रे हाती येईपर्यंत सहा वर्षे त्याला घडविण्यात गेली. म्हणजे मोठे मूल रुळते. पण त्याच्या रुळण्याची तजवीज कोणी तरी करावी लागते. राज्याला वारस हवा होता म्हणून ती झाली. मुलाला घर हवे आहे, एवढ्याच कारणासाठी ती होणार की नाही, हा खरा प्रश्न आहे.

आपण बदलीची माणसे. जबलपूरहून शिलाँगला गेलेले आपले मूल नव्या वर्गात पहिले काही महिने कसे मुके बसते, हे आपणांस सांगावयास नको. तरी त्या मुलाबरोबर आई असते, तीच भांडी असतात, तीच भाषा असते. प्रतिपालनातून आलेल्या मुलाची बदली एकट्याची असते. तिला ना रुजू होण्याची मुदत, ना मागचे ठाणे परत मिळण्याची आशा. ते अन्न लपवून ठेवील, खोटे बोलेल, ‘तुम्ही माझी आई नव्हे’ असे तोंडावर म्हणेल. अशा वेळी घरातल्या मोठ्यांच्या ओठांवर एक वाक्य येऊ पाहते : ‘तुझ्यासाठी आम्ही इतके केले!’ या वाक्यातच सारा नैतिक प्रश्न साठलेला आहे.

या मुलाने आपले ऋण मानावे काय? महाभारतात कर्णाला त्याचे जन्मरहस्य कळते, राज्याचे आमिष समोर येते, तरी तो राधेला सोडीत नाही. तिने आपले मलमूत्र काढले, याची तो आठवण करतो. पण ही आठवण त्याने स्वतः काढली आहे. राधेने ती मागितलेली नाही. कृतज्ञता देणाऱ्याला शोभते, मागणाऱ्याला नव्हे. घर आणि माया या मुलाच्या वाट्याला जन्मतःच यावयाच्या गोष्टी होत्या. त्या त्याला उशिरा मिळाल्या. उशिरा फेडलेल्या कर्जाबद्दल ऋणकोने धनकोकडून आभाराची अपेक्षा धरावी, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

आणि हे कर्ज एकट्या त्या कुटुंबाचे नाही, ते साऱ्या समाजाचे आहे. समाजाच्या वतीने एखादे घर ते फेडीत असेल, तर त्या घराला मदत करणे हा उपकार नव्हे, ती आपल्या हिश्श्याची भरपाई होय. दत्तकानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी होणारी पाहणी केवळ चौकशी न राहता विचारपूस व्हावी. शाळेने आडनावाच्या रकान्यावरून मुलाला वर्गासमोर उभे करू नये. शेजाऱ्यांनी ‘यातला तुमचा खरा कोणता?’ असे विचारू नये. कार्यालयातही हेच. केंद्र सरकारी नोकरीत दत्तकमातेची रजा २००९ साली १८० दिवसांची झाली, पण ती एक वर्षाच्या आतील मुलासाठी. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाळणा होता. दप्तर घेऊन दाराशी उभे असलेले आठ वर्षांचे मूल नव्हते. बालसंगोपन रजा आहे, परंतु ती हक्काने मागता येत नाही, मंजूर व्हावी लागते; आणि मंजुरीची सही करणारे हात पुष्कळदा आपलेच असतात.

पूर्वज पितृऋण फेडण्यासाठी मूल दत्तक घेत. आपल्या शास्त्रांनी ऋणे मोजली, त्यांत बालऋणाचे नाव नाही. ते नाव आपण घालावयास हवे. आणि ते फेडताना मुलाकडून पावती मागू नये.