दात्याचे ओझे

टांझानियातील किलिमांजारो हे आफ्रिकेतील सर्वोच्च शिखर ५,८९५ मीटर उंच आहे. परोपकारार्थ निधी जमविण्यासाठी अनेक जण ते चढतात. त्यांचे कष्ट पाहून इष्टमित्र देणगी देतात. एकाच्या श्रमाने दुसऱ्याचे औदार्य जागे व्हावे, हे स्तुत्यच होय. परंतु त्याच वाटेने गिर्यारोहकाचा तंबू व शिधा घेऊन स्थानिक हमालही चढत असतो. त्याच्या कष्टांसाठी कोणी देणगी देत नाही. त्यास मिळते ती मजुरी. ती न्याय्य आहे काय, थंडीत त्याच्या अंगावर उबदार वस्त्र आहे काय, हे प्रथम पाहावे. दूरच्या दुःखितासाठी निघालेल्या दात्याने आपले ओझे वाहणाऱ्यासच विसरावे, यास दान कसे म्हणावे?