दैवाचा वाटा पाचवा

शर्यतीत उतरणाऱ्या माणसाने स्वतःचा जीव किती पणाला लावावा आणि त्यातले किती दैवावर सोडावे, हा प्रश्न खेळाच्या नियमांपुरता नसून धर्मविचाराचाही आहे. गगनगिरी महाराजांच्या मठामुळे ओळखल्या जाणाऱ्या गगनबावड्यात तो विशेष जाणवतो, कारण येथूनच करूळ आणि भुईबावडा हे घाट कोकणात उतरतात आणि अशी वळणे तरुण चालकांना वेगाचा मोह घालतात. शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार गुन्हा आहे. परंतु त्याहून मूलभूत आक्षेप असा की, घाट चढून येणाऱ्या एसटीतील प्रवाशांनी या खेळाला होकार दिलेला नसतो. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा आहे तशा बंदिस्त ट्रॅकवर हा आक्षेप मावळतो आणि चालकाचे स्वतःच्या देहाविषयीचे कर्तव्य तेवढे उरते.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, म्हणजे कर्माला आधार देणारे शरीर, कर्ता, करण, म्हणजे साधने, नानाविध चेष्टा, म्हणजे प्रत्यक्ष प्रयत्न, आणि शेवटी दैव. दैव येथे नाकारलेले नाही, मात्र त्याचा क्रम पाचवा आहे, आणि पहिल्या चार कारणांत कसूर करून पाचव्याकडे बोट दाखवणे याला श्रद्धा म्हणता येत नाही.

अशी कसूर स्टॉक कारच्या शर्यतीत सहज घडते. स्टॉक कार म्हणजे विक्रीतील मोटारीत फेरफार करून किंवा तिच्या धर्तीवर बांधलेली शर्यतीची गाडी. नवशिक्या हौशी चालकाकडे पैसा बेताचा असतो आणि तो आधी इंजिनाकडे व टायरकडे जातो. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून आत बसवलेला पोलादी नळ्यांचा पिंजरा, एकट्याने पुरेसा ठरत नाही. डोक्याजवळच्या नळ्यांवर पॅडिंग नसेल आणि चालकाला आसनाशी बांधणारा हार्नेस सैल असेल, तर तोच पिंजरा डोक्यावर आघात करतो. कार्टमध्ये, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या गाडीत, याउलट बहुधा पिंजराही नसतो आणि पट्टाही नसतो, कारण पिंजऱ्यावाचून बांधलेला चालक उलटलेल्या कार्टखाली चिरडला जाण्याची भीती असते. त्यामुळे कार्टिंगमधून मोटारीकडे येणाऱ्याला सुरक्षेचा विचार मुळापासून शिकावा लागतो.

जोरदार धडकेत धड पट्ट्यांनी रोखले जाते, पण हेल्मेटचे ओझे घेतलेले डोके पुढे झेपावते आणि कवटीचा तळ भंगू शकतो. अमेरिकेतील डेटोना येथील शर्यतीत 18 फेब्रुवारी 2001 रोजी डेल अर्नहार्ट हा मातब्बर चालक अशाच अस्थिभंगाने दगावला. डोक्याची ही झेप आवरणारे ‘हान्स’ हे खांद्यांवर बसणारे उपकरण रॉबर्ट हबर्ड यांनी 1980 च्या दशकातच तयार केले होते, तरी नॅस्कार या अमेरिकी संस्थेने मान व डोके सावरणारे साधन सक्तीचे केले ते ऑक्टोबर 2001 मध्ये. उपाय हाती असूनही तो न वापरल्याने आलेल्या मरणाचा भार दैवावर टाकणे हा दैवावरचाच अन्याय होय.

गाडीला हार घालून नारळ फोडणाऱ्याची भावना खरी आणि आदरणीय आहे. तिचा अपमान होतो तो मुदत संपलेला हार्नेस बांधून त्याच गाडीत बसल्याने. तेव्हा शर्यतीपूर्वी गाड्या तपासणाऱ्यांनी असा पट्टा दिसताच ती गाडी निःसंकोच बाहेर ठेवावी, आणि नव्या टायरचा खर्च करण्याआधी घरच्यांनी हार्नेस, हेल्मेट व मानेच्या संरक्षणाचे पैसे बाजूला काढावेत.