इर्विनला किती झालं?

परवा रात्री भाच्याच्या आग्रहावरून 'ब्लॅक मिरर'चा एक जुना भाग पाहिला. संपल्यावर दिवा लागलेला, घरात चार माणसं जागी, तरी मला माळ्याकडे बघवेना.

भीतीच्या गोष्टींना मी नवखा नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं. साताऱ्यात शेजाऱ्यांच्या उंबऱ्यात बसून बघायचो, तेव्हापासूनचा हा नाद. माझे वडील, तात्या, त्याला 'टोकदार कानवाल्याचा खेळ' म्हणत आणि तो संपेपर्यंत मला कामाला हाक मारत नसत. पुढं वाचनालयातून नारायण धारप आणून पांघरुणात बॅटरी लावून वाचले. धारपांचं भूत पुस्तक मिटलं की गप बसायचं. निदान सकाळपर्यंत तरी.

या भागाचं नाव 'बी राइट बॅक', म्हणजे 'आलोच'. चार्ली ब्रूकरनं लिहिलेला, २०१३ सालचा. मार्था आणि ॲश हे जोडपं. ॲश अपघातात जातो. एक कंपनी त्याचे जुने मेसेज, फोटो, व्हिडिओ घेते आणि त्याच्यासारखं बोलणारं काहीतरी मार्थाला देते. आधी नुसती अक्षरं, मग फोनवर आवाज, मग एक दिवस दारात खोकं येतं आणि खोक्यात देह.

भाचा खोक्यापाशी टरकला. माझ्या पोटात गोळा आला तो कड्यावर. मार्था त्या खोक्यातल्या ॲशला समुद्रकाठच्या कड्यावर नेते आणि म्हणते, मार उडी. तो निघतो की! ती कळवळून म्हणते, खरा ॲश असता तर रडला असता, घाबरला असता. त्यावर तो लगेच गयावया करत रडायला लागतो. सांगितलं म्हणून रडतो. शेवट सांगून टाकतो, दहा वर्षांहून जुना भाग आहे, रागावू नका: ती त्याला टाकूनही देत नाही. माळ्यावर ठेवते. तिची पोर मोठी होते आणि वाढदिवसाला केकचा तुकडा घेऊन वर जाते.

मला तिथं एकदम माहुली आठवली. संगम माहुली, कृष्णा-वेण्णेचा संगम, साताऱ्याजवळच. तात्यांचं दहाव्याचं तिथंच केलं. पिंड ठेवला. कावळे घाटावरच्या झाडावर होते, एकदोन नव्हे, चांगले सात-आठ. एकही खाली उतरेना. थोरल्या भावानं हात जोडले, "आईकडं बघतो." काही नाही. मी म्हणालो, "साताऱ्याचं घर विकत नाही." एक कावळा दोन पायऱ्या खाली आला, मान वाकडी करून बघितलं आणि परत वर गेला. आत्या पदर सावरत पुढं झाली, "दादा, माझं माहेर तुटत नाही, जा आता सुखानं." तरी नाही. एकानं पानतंबाखू ठेवली, एकानं चहाचा कप. ऊन चढलं. पावणेमंडळी घड्याळं बघायला लागली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही नदीत पाय धुऊन घरी आलो.

माझा कावळ्यावर विश्वास आहे की नाही, मला विचारू नका. पण तात्यांना काय हवं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. अधूनमधून विचार करतो. आंघोळ करताना, एसटीत खिडकीशी बसल्यावर. विहिरीचा वाटा? माझ्याशी धरलेला अबोला, तो एका दिवाळीचा? ज्यानं कुणी ही पद्धत घातली त्यानं मेलेल्या माणसाला रुसायची सोय ठेवली होती. वर्षातनं एकदा पितृपंधरवड्यात त्याला बोलवायचं, पान वाढायचं. यायचं की नाही, शिवायचं की नाही, ते त्याच्या मर्जीवर. बोलायचं तर अजिबात नाही. ॲशला यातलं काहीच नव्हतं. तो कधीही हाक मारली की हजर.

आणि हे आता गोष्टीत राहिलेलं नाही. २०१५ मध्ये मॉस्कोत एक तरुण गाडीखाली सापडून गेला. त्याची मैत्रीण युजीनिया कुयडा हिनं त्याचे हजारो मेसेज संगणकाला पुरवले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या ढंगात उत्तरं देणारा प्रोग्रॅम तयार केला. तिनं हाच भाग आधी पाहिलेला होता म्हणे. पाहूनही केलं. मला तिचा राग येत नाही. माझ्या फोनमध्ये तात्यांचे एकतीस व्हॉइस मेसेज आहेत आणि तीन फोन बदलले तरी ते मी बरोबर आणले आहेत.

त्यांत ऐकण्यासारखं काही नाही, खरं तर. बहुतेक सगळे जुलै-ऑगस्टमधले. तात्या साताऱ्यात, आम्ही सांगलीत, गावभागात. कोयना धरणातनं पाणी सोडलं की ते कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेत येतं आणि तिथून आमच्याकडं. सांगलीत पाऊस मोजायचा तो इर्विन पुलावरच्या फुटांत: पंचेचाळीसला धोका. त्यामुळं तात्यांचा प्रश्न ठरलेला, "इर्विनला किती झालं रं?" मागं आईचा आवाज, "गहू माळ्यावर टाक म्हणावं." मग तात्या तेच, जरा मोठ्यानं, "गहू माळ्यावर टाक." २०१९ च्या ऑगस्टात पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. गहू वाचला. फ्रिज गेला, मुलीची वह्या-पुस्तकं गेली, तळघरातलं तर काय सांगायचं. त्या आठवड्यातले सहा मेसेज आहेत. शेवटच्या मेसेजात प्रश्नच नाही. नुसता श्वास, खाकरणं आणि फोन बंद करता न आल्यामुळं पुढं चालू राहिलेली टीव्हीवरची बातमी.

हे सगळं भाच्याला ऐकवलं. संगणकाचं शिकतोय तो. ऐकून म्हणाला, "मामा, एकतीस म्हणजे भरपूर झाले. याच्यापेक्षा कमीत होतं. आजोबांचा आवाज करून देतो, बोलता येईल तुला."

"काय बोलतील?"

"तूच सांग की. ते नेहमी जे बोलायचे ते."

"इर्विनला किती झालं, विचारतील?"

"विचारतील ना. रोज विचारतील."

"एप्रिलमध्ये पण?"

त्यानं डोकं खाजवलं. "तसं सेट करता येईल," म्हणाला.