काल्याची शिदोरी

या पानावर आम्ही दरमहा एखादा अभंग घेऊन त्याचे यथामति निरूपण करीत असतो. या खेपेस तो क्रम मोडतो. हातून घडलेल्या एका अपराधाचे निवेदन करावयाचे आहे, आणि त्याच्या अनुषंगाने काल्याविषयी चार शब्द.

ठाण्यात मासुंदा तलावापासून फार लांब नाही अशा एका मंदिरात रविवारी सायंकाळी आमचे कीर्तन होते. वेळ पाच ते साडेसहा. दृष्टांत रंगला, टाळकरी मंडळीही चांगली मिळाली, आणि सात वाजून गेले तरी आमचे ‘पुंडलीक वरदे’ काही येईना. इतक्यात तिसऱ्या ओळीतून एक बाई आपल्या सातआठ वर्षांच्या मुलाचा हात धरून हळूच उठल्या. आम्ही तिथल्या तिथे सूर थांबवला आणि म्हणालो, “काय हो माउली, उठलात? देवापेक्षा कोणते काम मोठे निघाले?” बाई गप्प. पोराने मात्र खरे ते सांगून टाकले, “होडीत बसायचंय.” आम्ही श्रोत्यांकडे वळून म्हणालो, “ऐका! भवसागर तरून नेणारी होडी इथे उभी आहे, आणि याला तळ्यातली होडी पाहिजे!” मंडप हसला. मायलेकरे खाली बसली. आम्हांस वाटले, काय समयोचित बोललो!

दुसऱ्या दिवशी त्या बाई दर्शनाला आल्या. म्हणाल्या, “महाराज, राग नाही. पण याचे वडील पाळीवर जातात. रविवारची सुट्टी महिन्यातून एकदा मिळते. ते तलावावर येऊन थांबले होते. कीर्तन संपलं की होडी, असं मीच याला कबूल केलं होतं, म्हणून तो दीड तास हूं की चूं न करता बसला. आम्ही पोहोचलो तेव्हा होड्या बांधून झाल्या होत्या.” थोडे थांबून म्हणाल्या, “आता देवळात चल म्हटलं की म्हणतो, नको, तिथे ओरडतात.”

चाळीस वर्षे आम्ही गादीवर उभे आहोत. व्याकरण शिकलो, वेदांत शिकलो. पण ‘तिथे ओरडतात’ या दोन शब्दांना उत्तर सापडेना. त्या पोराच्या मनात विठोबाची जी पहिली ओळख उमटली ती आमच्या तोंडून, आणि ती कशी? होडी हिरावून घेणारा तो देव! एक वेळ नास्तिकाने इतके केले नसते.

पाठशाळेत आम्हांस शिकविले होते की ‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’ धातूपासून होतो. तॄ म्हणजे तरणे. नदीत उतरावयाची आणि नदी ओलांडावयाची जी जागा, ते तीर्थ. आणि ‘यात्रा’ ‘या’ धातूपासून. या म्हणजे जाणे. मग घराबाहेर पडणे आणि पाण्याकाठी जाणे हे तर शब्दातच आहे! व्युत्पत्ती पाठ होती, पण मुलाने होडी म्हणताच आम्ही ती विसरलो.

आता काल्याकडे या. सप्ताहाची सांगता काल्याने होते. दही, लाह्या, डाळे, लोणचे कालवून वाटतो, पण तो काला मूळचा कुठला? भागवताच्या दशमस्कंधात पाहा. अघासुराचा वध झाला आहे, पोरे दमली आहेत, भूक लागली आहे. यमुनेच्या वाळवंटात कृष्ण मधोमध बसला आणि त्याच्याभोवती गोपबाळांनी फेर धरला, जशा कमळाच्या पाकळ्या गाभ्याभोवती. ताटे कसली? कुणी पान घेतले, कुणी झाडाची साल, कुणी नुसता सपाट धोंडा. शिंक्यातली शिदोरी सोडली. जो तो आपल्या घरची चव दुसऱ्यास दाखवितो आहे, हसतो आहे, हसवितो आहे. यज्ञभोक्ता म्हणविणारा तो परमात्मा डाव्या हातात दहीभाताचा घास घेऊन पोरांशी थट्टा करतो आहे. महाराज, ही सहल नव्हे तर काय? आपल्या संप्रदायाने सप्ताहाच्या शेवटी प्रसाद म्हणून निवडली ती मुलांची वनातली पंगत. हे निवडणाऱ्यांना प्रपंच आणि परमार्थ यांतला भेद आमच्यापेक्षा नक्कीच अधिक कळत होता.

पुढची कथा याहून गोड. वासरे चरत लांब गेली म्हणून कृष्ण हातातला घास तसाच धरून शोधावयास निघाला. तेवढ्यात ब्रह्मदेवाने परीक्षा पाहण्यासाठी वासरे नेली, पोरेही नेली. मग देवाने काय केले? स्वतःच सगळी पोरे झाला, स्वतःच वासरे झाला. ज्याचा जसा आवाज, जशी काठी, जशी खोडी, तसा तसा होऊन संध्याकाळी घरोघर गेला. एक वर्षभर गोकुळातल्या आया आपले लेकरू म्हणून ज्याला कुरवाळीत होत्या तो गोविंद होता. त्यांना ते ठाऊक नव्हते, फक्त प्रेम वाढले होते.

आता सांगा, त्या दिवशी “होडीत बसायचंय” असे जो म्हणाला तो कोण होता? आम्ही कुणाला खाली बसविले?

असो. अपराध कबूल केल्यावर प्रायश्चित्त हवे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडच्या माउलींना आम्ही आता उलटे सांगू लागलो आहोत की मुलांना घेऊन बाहेर पडा. लांब जाण्याचे कारण नाही.

आषाढीला पंढरी घडली नाही तर कल्याणच्या पुढे शहाड स्टेशनाला उतरा. तेथे बिर्लांनी बांधलेले विठ्ठलमंदिर आहे आणि एकादशीला तेथे मोठी रीघ लागते. पण रांगेत चार तास उभे करून मुलाला दर्शन ‘घडवू’ नका. त्याला पाय दुखणे तेवढे आठवेल. द्वादशीला न्या, किंवा साध्या बुधवारी न्या. विठोबा अठ्ठावीस युगे उभा आहे, बुधवारीही उभाच असतो. पुढे त्याच मार्गावर टिटवाळ्याचा महागणपती. तेथेही अंगारकी सोडून जावे, हे आमचे मत.

अंबरनाथचे शिवालय मुलांना आवडते, त्याचे कारण मोठ्यांना सुचत नाही. इतर देवळांत देवाकडे वर चढावे लागते, येथे पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावे लागते. वर पाहावे तर उघडे आकाश! शके ९८२, म्हणजे सन १०६० मधला शिलाहारांच्या वेळचा शिलालेख तेथे आहे. वालधुनीच्या काठी जवळजवळ हजार वर्षे हे दगड उभे आहेत. मुलांना म्हणावे, भिंतीवर हत्ती किती ते मोजा. तुम्ही तोवर नामस्मरण करा. महाशिवरात्रीला जत्रा भरते, पण लहान मूल असेल तर गर्दीचा विचार करावा.

थंडी पडली की ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी येतात, ज्यांना अग्निपंख म्हणतात. पुष्कळसे कच्छाकडून येतात, उन्हाळ्यापर्यंत राहतात. ना त्यांना पंचांग, ना दिंडीचा मालक, तरी वारी चुकत नाही! त्या खाडीला २०१५ साली अभयारण्य केले आणि २०२२ साली रामसर यादीत तिचे नाव गेले. आमच्या नातीने विचारले, “आजोबा, ते गुलाबी का?” जाणत्याला विचारून आलो. त्यांची पिले करड्या रंगाची असतात. चिखलपाण्यातले शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन खाऊन तो रंग पिसांत उतरतो. जे रोज पोटात जाते तो रंग अंगावर येतो! संगतीवर आम्ही आजवर जेवढे दृष्टांत दिले त्यांत हा एक नातीच्या कृपेने वाढला.

कार्तिकात आवळीभोजन आहे. आवळ्याच्या झाडाखाली घरच्यांनी मिळून जेवावे, ही आज्ञा शास्त्राचीच. आज इमारतींमुळे आवळा सापडत नाही, हे खरे. बागेत कुठलेही झाड बघा, डबा उघडा. आणि चैत्रात पाडव्याला डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली सुरू केलेली नववर्षाची शोभायात्रा आहेच. पाहणारा म्हणून नका नेऊ, मुलाच्या गळ्यात टाळ द्या आणि चालवा.

एक गोष्ट मात्र कठोरपणे सांगतो. पावसाळ्यात धबधब्याकडे मुले नेऊ नयेत. येऊरचे ओढे असोत की बदलापूरजवळचे कोंडेश्वर, डोंगरावर कुठे पाऊस झाला ते खाली उभ्या असलेल्याला कळत नाही आणि पाणी एकदम चढते. सरकारी मनाई असेल तेथे ‘देवाचे ठिकाण आहे, काय होते’ असे म्हणू नये. परंपरा सांगते की विठ्ठलपंत मुलांना घेऊन ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला गेले असता वाघ आडवा आला, निवृत्तिनाथ वाट चुकले आणि गहिनीनाथांच्या गुहेत पोहोचले. आपली गुरुपरंपरा अशा एका कुटुंबाच्या फेरीतून पुढे आली, हे खरे. पण प्रत्येक चुकलेल्या मुलाला गहिनीनाथ भेटत नाहीत. हात सोडू नये.

आणि खर्च? घरची पोळीभाजी आणि लोकलचे तिकीट. गोपाळांजवळ याहून काय होते?

गेल्या महिन्यात त्याच मंदिरात सप्ताहाची सांगता होती. काल्याचे कीर्तन सकाळी दहाला उभे राहिले. समोर घड्याळ ठेवावयास सांगितले आणि बाराला आरती घेतली. विणेकरी बुवांनी दोनदा वळून पाहिले. हंडी फुटली, पोरे तुटून पडली. ते पोरगे मात्र दाराशी, चपलांच्या जवळ, वडिलांचे बोट धरून उभे. आम्ही द्रोण घेऊन तेथवर गेलो. नमस्कार करावा तर पोर घाबरेल, म्हणून नुसता द्रोण पुढे केला. त्याने एक लाही तोंडात टाकली आणि आमच्याकडे न बघता वडिलांना म्हणाला, “आज लवकर संपलं.”

मग तिघे तलावाकडे गेली.