जाणण्याची अमानत

आमच्या वर्गात एक मुलगा होता. दर तीन आठवड्यांनी एक-दोन दिवस गैरहजर राहायचा. कागदी हजेरीपट होता तोवर ही गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती. पुढे हजेरी मोबाइलवर भरायची पद्धत आली आणि महिनाअखेर कोणाची हजेरी किती टक्के, याचा तक्ता आपोआप समोर येऊ लागला. त्यात या मुलाचे नाव सर्वांत खाली दिसले. आम्ही त्याला वर्गासमोर उभे केले आणि चार शब्द सुनावले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मधल्या सुटीत जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, मैं खून चढ़ाने जाता हूँ. अम्मी ने किसी को बोलने को मना किया है."

त्याला थॅलेसेमिया मेजर होता. या आजारात शरीर पुरेसे हिमोग्लोबिन बनवू शकत नाही. दर दोन ते चार आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागते. त्या रक्तातले लोह हृदयात आणि यकृतात साचत जाते, म्हणून ते बाहेर काढणारे औषधही कायम चालू ठेवावे लागते. त्या यंत्राला त्याच्या गैरहजेरीच्या तारखा ठाऊक होत्या, कारण ठाऊक नव्हते. आम्हांलाही नव्हते. मात्र यंत्राने त्याला वर्गासमोर उभे केले नव्हते. ते आम्ही केले होते. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर आम्ही चांगल्या गुणांनी सोडवला होता. पण थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया या आजारांचा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेश आहे, हे शिक्षक असूनही आम्हांला माहीत नव्हते. त्या दिवसापासून एक प्रश्न आमचा पाठलाग करतो आहे. न जाणणे हा दोष केव्हा ठरतो? आणि जाणल्यावर माणसावर काय जबाबदारी येते?

इमाम गजालींनी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात इल्मची एक विभागणी केली आहे. काही इल्म फर्ज-ए-ऐन, म्हणजे प्रत्येकाने स्वतः मिळवायचे. काही फर्ज-ए-किफाया, म्हणजे समाजातल्या काहींनी मिळवले तरी सर्वांची सुटका होते. पण कोणीच मिळवले नाही तर सगळा समाज गुन्हेगार ठरतो. वैद्यक आणि गणित त्यांनी या दुसऱ्या प्रकारात घातले आहे. सगळे फिकहच्या वादात गुंतले आहेत आणि गावात एक मुस्लिम वैद्य मिळत नाही, अशी तक्रारही त्यांनी केली आहे. इ.स. ११११ मध्ये वारलेल्या या माणसाची तक्रार आजही शिळी वाटत नाही. आम्ही आमचा प्रश्न याच दोन खणांत ठेवून पाहणार आहोत.

आधी दूरचे ज्ञान घेऊ. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेने हिग्ज कणासारखा नवा कण सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा आम्ही बी.एड. करत होतो. वर्तमानपत्रांनी त्याला 'देवाचा कण' म्हटले. आमच्यातले काही जण संतापले, काहींनी ही खुदाई निशाणी असल्याचे सांगितले. खरे तर ते नाव एका लोकप्रिय पुस्तकाच्या शीर्षकातून आले होते. धर्माशी त्याचा काही संबंध नव्हता. एका मित्राचा आक्षेप मात्र रास्त वाटला. जमिनीखाली २७ किलोमीटरचा बोगदा, त्यात अब्जावधींचा खर्च, आणि इकडे रक्ताच्या एका बाटलीसाठी माणसे वणवण फिरतात. हे इल्म नफा देणारे आहे का? आपल्या पैगंबरांनी नफा न देणाऱ्या इल्मपासून पनाह मागितली आहे, हेही त्याने सुनावले.

तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढे हिमोग्लोबिनविषयी वाचताना ते सापडले. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली इलेक्ट्रॉन शोधला. कणभौतिकीची सुरुवात तिथून धरतात. त्या कणाचा आजारी माणसाला काय उपयोग, असे कोणी विचारले असते तर थॉमसन काय सांगू शकले असते? पण त्याच प्रयोगशाळेत पुढे मॅक्स पेरुट्झ क्ष-किरणांच्या साहाय्याने हिमोग्लोबिनची रचना उलगडत बसले. वीस वर्षांहून अधिक काळ त्यात गेला. १९६२ साली त्यांना नोबेल मिळाले. तिथेच १९५६ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी सिकलसेलचे गूढ उकलले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतला सहावा दुवा बदललेला असतो, एवढाच निरोगी आणि आजारी हिमोग्लोबिनमधला फरक. ज्या वास्तूत इलेक्ट्रॉन सापडला, तिथल्याच संशोधकांनी आमच्या नंदुरबार-गडचिरोलीतल्या आदिवासी मुलांच्या वेदनेचे मूळ दाखवून दिले. तेव्हा एखादे इल्म नफा देणारे आहे की नाही, याचा निकाल त्याच्या जन्माच्या दिवशी लावता येत नाही.

अब्दुस्सलाम यांचे उदाहरणही इथे आठवते. १९७९ चे भौतिकीचे नोबेल त्यांना मिळाले. लाहोरच्या कॉलेजात गणित शिकवणारे आपले हिंदू प्राध्यापक फाळणीनंतर भारतात गेले, हे त्यांना ठाऊक होते. त्यांचा शोध घेऊन १९८१ साली ते कोलकात्याला गेले आणि अंथरुणाला खिळलेल्या गुरूंपुढे त्यांनी आपले पदक ठेवले. ज्यांना पाकिस्तानात मुस्लिम मानायलाही नकार मिळाला, ज्यांच्या कबरीवरच्या दगडावरून 'मुस्लिम' हा शब्द खोडला गेला, त्यांना इल्मचे ऋण कोणाचे हे बरोबर ठाऊक होते. शिक्षकाने हे कधी विसरू नये. आपण शिकवलेले गणित कुठे जाऊन पोहोचेल, हे आपल्याला माहीत नसते.

आणि ज्या मोबाइलवर आम्ही हजेरी भरतो, त्याचा एक धागाही सर्नकडेच जातो. तिथल्या नियंत्रणकक्षात बटणांची गर्दी कमी व्हावी म्हणून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बोटाने स्पर्श करण्याचा पडदा तयार करण्यात आला. वेगवेगळ्या देशांतल्या शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद पाहता यावेत, म्हणून टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबचा आराखडा मांडला. कामाच्या जागेची अडचण सोडवण्यापुरतीच ही साधने होती. पण ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेब सर्वांसाठी खुले केले. एक पैसाही मागितला नाही. इल्मची जकात म्हणतात ती याहून वेगळी काय असणार?

याच्या शेजारी दुसरी घटना ठेवून पाहावी. सिकलसेल आणि थॅलेसेमियावर जनुकात दुरुस्ती करणाऱ्या पहिल्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि पुढच्या महिन्यात सिकलसेलसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत ठरली २२ लाख डॉलर. आमच्या त्या विद्यार्थ्याचे वडील यंत्रमागावर काम करतात. त्यांच्यासाठी ही बातमी चंद्रावर पाणी सापडल्याच्या बातमीसारखी आहे. म्हणून केवळ इल्म वाढले की भले होते, हेही खरे नाही. ज्याच्या हाती ते असते, तो त्याला अमानत समजतो की मालमत्ता, यावर नफा ठरतो.

दूरच्या ज्ञानाची जबाबदारी दूरच्यांवर टाकून आम्ही मोकळे होऊ शकतो. पण आपल्या स्वतःच्या रक्तात काय आहे, हे कोणी दुसऱ्याने आपल्या वतीने जाणून भागत नाही. हे आमच्या मते फर्ज-ए-ऐनच्या खणात जाते. भारतात शंभरांत तीन-चार जण थॅलेसेमियाचे वाहक आहेत. त्यांना काही होत नाही, औषध लागत नाही, आणि म्हणूनच ते कळतही नाही. नवरा-बायको दोघे वाहक असतील तर प्रत्येक गर्भाच्या वेळी चारांत एक शक्यता मूल मेजर होण्याची. 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा आहे. एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब आम्ही स्वतः ऐकला आहे. तो चूक आहे. चुलत-मामे-मावस भावंडांतला निकाह आपल्याकडे जायज आहे, आणि केवळ त्या निकाहाने आजार जन्मत नाही. पण घराण्यात दोष असेल, तर एकाच झाडाच्या दोन फांद्यांवर तो सापडण्याची शक्यता वाढते.

'दोष' हा शब्द आम्ही वापरला खरा, पण तो मागे घ्यायला हवा. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये तर्क मांडला की, थॅलेसेमियाचे वाहक हिवतापाला अधिक तोंड देऊ शकत असावेत. पुढे सिकलसेलच्या बाबतीत असेच घडते, हे आफ्रिकेतल्या अभ्यासाने दाखवले. म्हणजे ज्याला आपण कलंक समजून लपवतो, ती आपल्या पूर्वजांना हिवतापात जगवणारी ढाल होती. तिची किंमत आता काही लेकरे मोजत आहेत. यात लाज कसली? आणि हा आजार कोणा एका जमातीचाही नाही. सिंधी, पंजाबी, लोहाणा, मुस्लिम, सगळ्यांच्या रक्तात तो आहे.

काही जण म्हणतात, तकदीरमध्ये असेल ते होईल, तपासून काय करायचे? त्यांना हजरत उमर यांची हकिकत आठवण करून द्यावी. शामच्या वाटेवर प्लेगची खबर लागली तेव्हा ते सैन्यासह मागे फिरले. ही तकदीरपासून पळवाट नाही का, असे त्यांना विचारले गेले. त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा की, मागे फिरणेही अल्लाहच्या तकदीरमध्येच येते. इराणने १९९७ पासून आणि सौदी अरबने २००४ पासून निकाहापूर्वीची रक्ततपासणी सक्तीची केली. आपल्या देशातही सिकलसेल निर्मूलनाची मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. तकदीरवर त्यांचा विश्वास आपल्यापेक्षा कमी होता, असे कोणी म्हणणार नाही.

खरी कसोटी पुढे होती. त्या मुलाच्या थोरल्या बहिणीचा रिश्ता खालाच्या मुलाशी ठरत असल्याचे कानावर आले. खालाला एवढेच ठाऊक होते की भाच्याला 'खून की कमी' आहे. आम्हांला पूर्ण ठाऊक होते. सांगावे, तर एका लेकराने विश्वासाने सांगितलेले गुपित फोडल्यासारखे. गप्प बसावे, तर उद्या जन्मणाऱ्या मुलाचे काय? निकाहाच्या सल्ल्यात खरे सांगणे गीबत ठरत नाही, हे उलेमांनी स्पष्ट केले आहे. फातिमा बिन्त कैस यांनी दोन मागण्यांबद्दल सल्ला विचारला, तेव्हा पैगंबरांनी दोन्ही पुरुषांतली उणीव स्पष्ट सांगितली होती. पण त्यांनी सल्ला विचारला होता. आम्हांला कोणी विचारले नव्हते. बराच विचार करून आम्ही ठरवले की, गुपित ज्याचे आहे त्याच्याच दारी जायचे.

मुलाच्या आईसमोर बसून आम्ही म्हणालो, "आपा, रिश्ता तोडा असे आम्ही म्हणत नाही. दोघांचे रक्त आधी तपासा, एवढेच."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सर, एक को लेके मैं बारह साल से अस्पताल जा रही हूँ. मुझे मालूम नहीं क्या? पर बोलूँगी तो मेरी बच्ची को कौन ले जाएगा?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते आणि ते एकट्या आईने द्यायचेही नाही. तिला गप्प बसवणारे आपण सगळे आहोत. तरीही चार दिवसांनी त्यांनीच बहिणीला सांगितले. दोन्ही मुलांची तपासणी झाली. दोघेही वाहक निघाले. रिश्ता मोडला, आणि दोन बहिणींत अबोला धरला गेला. 'उस मास्टर ने घर तोड़ा' असे खालाच्या घरून आजही ऐकू येते. मुलीचा निकाह पुढे दुसरीकडे झाला. आधी त्या मुलाचे रक्त तपासून. तो वाहक नव्हता.

आम्ही बरोबर केले का? आमचा विवेक होय म्हणतो, पण त्या अबोल्याचे ओझे उतरलेले नाही. जाणणे फुकट मिळत नाही, त्याची किंमत कोणीतरी मोजतेच. प्रश्न एवढाच की ती किंमत मोठ्यांनी अबोल्यात मोजायची, की न जन्मलेल्या लेकरांनी रक्ताच्या बाटल्यांत. निकाहाची बोलणी करताना आपण हुंड्याचे, घराचे, नोकरीचे सगळे विचारतो. रक्ताच्या तपासणीचा एक कागद त्यात सहज बसू शकतो. काझीसाहेब, मशिदीचे विश्वस्त आणि आम्ही शिक्षक मंडळींनी तो आधी आपल्या घरच्या निकाहात मागितला, तर कोणा आईला लेकीसाठी गप्प बसावे लागणार नाही.

तो मुलगा आता दहावीत आहे. त्याची हजेरी आजही कमीच भरते, आणि तक्त्यात त्याचे नाव आजही तळाशी असते. तक्ता पाहून आम्ही आता त्याच्या घरी जातो.